नंदिता दास

नंदिता दास (जन्म : ७ नोव्हेंबर १९६९, मुंबई) या भारतीय चित्रपट अभिनेत्री, दिग्दर्शिका, पटकथालेखिका आणि सामाजिक कार्यकर्त्या आहेत. हिंदी, इंग्रजी, बंगाली, तमिळ, मल्याळम, कन्नड, तेलुगू, उडिया, गुजराती, मराठी आणि उर्दू अशा विविध भाषांतील चाळीसहून अधिक चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या आहेत. ‘फिराक’ (२००८), ‘मंटो’ (२०१८) आणि ‘झ्विगाटो’ (२०२२) हे त्यांनी दिग्दर्शित केलेले तीन पूर्ण लांबीचे चित्रपट होत. एक भाषा, एक प्रांत किंवा एक चित्रपटसृष्टी यांपैकी कोणत्याच चौकटीत त्यांची कारकीर्द मावत नाही. त्यामुळे ‘हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री’ हे त्यांचे नेहमी केले जाणारे वर्णन अपुरे ठरते.

कुटुंब व शिक्षण

नंदिता दास यांचे वडील जतिन दास हे ओडिशातील मयूरभंजचे नामवंत चित्रकार. त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात झाले. आई वर्षा दास या गुजराती लेखिका आहेत. उडिया वडील, गुजराती आई, जन्म मुंबईचा आणि वाढ दिल्लीतली, अशा घरात एकाहून अधिक भाषा कानावर पडणे हा रोजचाच अनुभव होता. पुढे अपरिचित भाषांतील भूमिका त्यांनी ज्या निःसंकोचपणे स्वीकारल्या, त्याचे मूळ या घरात शोधता येते.

शालेय शिक्षण दिल्लीच्या सरदार पटेल विद्यालयात झाले. मिरांडा हाउस या महाविद्यालयातून त्यांनी भूगोल विषयात पदवी घेतली आणि नंतर दिल्ली विद्यापीठात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली शाळेत त्यांनी काही काळ अध्यापनही केले. अभिनयाचे किंवा चित्रपटनिर्मितीचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कोठेही घेतलेले नाही. रंगमंचाशी त्यांचा पहिला संबंध आला तो सफदर हाश्मी यांच्या ‘जन नाट्य मंच’ या पथनाट्य करणाऱ्या संस्थेतून. पडदा, प्रकाशयोजना, नेपथ्य यांपैकी काहीही हाताशी नसताना चौकात उभे राहून लोकांशी बोलणे, हीच त्यांची पहिली नाट्यशाळा.

अभिनय

दीपा मेहता यांच्या ‘फायर’ (१९९६) या इंग्रजी चित्रपटाने नंदिता दास यांचे नाव सर्वदूर झाले. दिल्लीतील एका एकत्र कुटुंबातील दोन जावांमध्ये निर्माण होणाऱ्या प्रेमसंबंधाची ही कथा असून थोरल्या जावेची भूमिका शबाना आझमी यांनी, तर धाकटीची नंदिता दास यांनी केली. धाकटीचे मूळ नाव ‘सीता’ होते; हिंदी आवृत्तीत परीक्षण मंडळाच्या आग्रहावरून ते ‘नीता’ असे करण्यात आले. १९९८ च्या अखेरीस भारतात प्रदर्शित झाल्यावर मुंबई आणि दिल्लीतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले, प्रदर्शन थांबले आणि चित्रपट पुन्हा परीक्षण मंडळाकडे पाठवण्यात आला. मंडळाने १९९९ मध्ये तो कोणतीही काटछाट न करता पुन्हा मंजूर केला.

त्यापाठोपाठ आलेला ‘अर्थ १९४७’ (१९९८) हा दीपा मेहता यांचाच चित्रपट बाप्सी सिधवा यांच्या कादंबरीवर आधारित आहे. फाळणीच्या वेळचे लाहोर, एक पारशी मुलगी आणि तिला सांभाळणारी आया शांता, असे त्याचे कथानक. शांताच्या भूमिकेसाठी नंदिता दास यांना पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’ या तिसऱ्या चित्रपटासाठी त्यांनी मुंडनही करून घेतले होते. परंतु २००० साली वाराणसीतील चित्रीकरण विरोधामुळे बंद पाडण्यात आले. हा चित्रपट पुढे श्रीलंकेत, वेगळ्या कलावंतांसह पूर्ण झाला. पहिल्याच काही वर्षांत दोन चित्रपटांच्या वाट्याला असा विरोध यावा, हा योगायोग पुढील वाटचालीच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगा नाही. चित्रपट तयार होणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचणे यांतील अंतर त्यांनी दिग्दर्शक होण्याआधीच पाहिले होते.

यानंतरच्या दहा वर्षांत त्यांनी देशाच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात काम केले. ‘हजार चौरासी की माँ’ (१९९८) या गोविंद निहलानी यांच्या चित्रपटात त्या नंदिनी होत्या. ‘बवंडर’ (२०००) हा जगमोहन मुंदडा यांचा चित्रपट राजस्थानातील भँवरी देवी प्रकरणावर बेतलेला होता. याच प्रकरणातून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली. मणिरत्नम यांच्या ‘कन्नत्तिल मुत्तमिट्टाल’ (२००२) या तमिळ चित्रपटात त्यांनी मूल मागे ठेवून सशस्त्र लढ्यात गेलेल्या श्रीलंकन तमिळ आईची भूमिका केली. पडद्यावरचा वेळ थोडा, पण संपूर्ण चित्रपट ज्या भेटीकडे सरकत असतो ती भेट त्यांच्याशीच आहे. मृणाल सेन यांचा अखेरचा चित्रपट ‘आमार भुवन’ (२००२) यातील अभिनयासाठी कैरो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तेलुगू ‘कमली’ (२००६) साठी आंध्र प्रदेश शासनाचा नंदी पुरस्कार मिळाला. अदूर गोपालकृष्णन यांच्या ‘नालु पेण्णुंगळ’ (२००७) या मल्याळम चित्रपटात तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कथेतील अविवाहित राहिलेली कामाक्षी त्यांनी साकारली.

या यादीतील एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही. कविता लंकेश यांचा ‘देवीरी’ (कन्नड, १९९९), चित्रा पालेकर यांचा ‘माती माय’ (मराठी, २००६) आणि मेहरीन जब्बार यांचा पाकिस्तानी चित्रपट ‘रामचंद पाकिस्तानी’ (उर्दू, २००८) हे तिन्ही त्या त्या दिग्दर्शिकेचे पहिले चित्रपट होते आणि तिन्हींत नंदिता दास होत्या. दिग्दर्शनाचे वर्ग त्यांनी भरवले नाहीत की घेतले नाहीत. पण पहिला चित्रपट करणारी स्त्री कोणत्या अडचणींतून जाते, हे त्यांना तीन वेगवेगळ्या भाषांत जवळून पाहता आले. ‘रामचंद पाकिस्तानी’ची गोष्ट सीमेजवळच्या थरपारकरमधील एका दलित हिंदू कुटुंबाची आहे. मुलगा चुकून सीमा ओलांडतो, त्याच्यामागे वडील जातात, दोघेही भारतीय तुरुंगात पडतात आणि आई चंपा मागे एकटी राहते.

‘माती माय’ मराठी वाचकांच्या विशेष परिचयाचा असावा. महाश्वेता देवी यांच्या ‘बायेन’ या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात चंडी ही लहान मुलांच्या दफनभूमीची राखण करण्याचे पिढीजात काम करणारी तरुणी आहे. स्वतः आई झाल्यावर तिला ते काम नकोसे होते आणि गाव तिला चेटकीण ठरवून बाहेर काढते. तिच्या नवऱ्याची भूमिका अतुल कुलकर्णी यांनी केली. मातृभाषा मराठी नसलेल्या अभिनेत्रीने मराठी गावकुसाबाहेरची स्त्री उभी करणे हे कठीणच. येथे उच्चारापेक्षा देहबोलीने अधिक काम केले आहे, असे हा चित्रपट पाहताना जाणवते.

भूमिकांची चौकट

वरील भूमिका एकत्र ठेवल्या की त्यांतील बहुसंख्य स्त्रिया ग्रामीण, गरीब किंवा पीडित आहेत, हे लगेच ध्यानात येते. यामागे निवड होती तशी मर्यादाही होती. सावळ्या वर्णाच्या अभिनेत्रीला झोपडपट्टीतील किंवा खेड्यातील स्त्रीची भूमिका देताना रंगाविषयी कोणी काही बोलत नाही; सुशिक्षित, शहरी स्त्रीची भूमिका असली की मात्र रंग थोडा उजळवावा असे सुचवले जाते, हा अनुभव त्यांनी मुलाखतींतून वारंवार सांगितला आहे. चेन्नईतील ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘डार्क इज ब्यूटिफुल’ या मोहिमेचा चेहरा त्या २०१३ पासून झाल्या, तो याच अनुभवातून. २०१९ मध्ये त्यांनी ‘इंडियाज गॉट कलर’ ही छोटी चित्रफीतही तयार केली. विवाहाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हे विशेषण आजही छापणाऱ्या समाजात हा विषय केवळ चित्रपटसृष्टीपुरता नाही, हे वेगळे सांगायला नको.

दिग्दर्शन

फिराक : ‘फिराक’ या उर्दू शब्दाला वियोग आणि शोध असे दोन्ही अर्थ आहेत. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर सुमारे महिनाभराने, एका दिवसात घडणाऱ्या अनेक कथा या चित्रपटात गुंफल्या आहेत. पटकथा नंदिता दास आणि शुची कोठारी यांनी मिळून लिहिली. सप्टेंबर २००८ मध्ये टोरोंटो महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि मार्च २००९ मध्ये भारतात प्रदर्शित झाला.

दंगलीवरील चित्रपट म्हटला की जळणारी घरे आणि धावणारे जमाव डोळ्यांपुढे येतात. ‘फिराक’मध्ये ते जवळजवळ नाहीत. चित्रपट सुरू होतो तो दफनभूमीत आणलेल्या मृतदेहांपासून. तेथून पुढे कॅमेरा जिवंत राहिलेल्यांच्या मागे जातो. दारावर मदतीसाठी थापा मारणाऱ्या एका स्त्रीला आत न घेतल्याच्या अपराधभावाने आरती (दीप्ती नवल) स्वतःच्या हातावर चटके देत राहते. तिचा नवरा (परेश रावल) लुटीत सामील आहे. मुनीरा (शहाना गोस्वामी) आपले जळलेले घर पाहते आणि आपल्या जिवलग हिंदू मैत्रिणीवरच तिचा संशय जातो. ही मैत्रीण ज्योती म्हणजे मराठी रंगभूमीवरील अमृता सुभाष. मेंदी काढण्याच्या कामाला जाताना ज्योती मुनीराच्या कपाळावर टिकली लावते, तो प्रसंग चित्रपटाच्या मर्मस्थानी आहे. टिकली येथे अलंकार नसून ओळख लपवण्याचे साधन होते. समीर शेख (संजय सूरी) आणि त्यांची हिंदू पत्नी (टिस्का चोप्रा) शहर सोडून दिल्लीला जाण्याच्या बेतात आहेत. वृद्ध गायक खाँसाहेब (नसीरुद्दीन शाह) यांना कवी वली यांची अहमदाबादमधील कबर आता जागेवर राहिलेली नाही हे ठाऊक नसते. ती कबर २००२ मध्ये खरोखरच पाडून तिच्यावरून रस्ता करण्यात आला होता.

पीडित, अपराधी आणि नुसते पाहत राहिलेले अशा तिन्ही प्रकारचे लोक एकाच चौकटीत आणणे ही या चित्रपटाची खरी कमाई आहे. तिसऱ्या प्रकारच्या माणसांवर त्याचा सर्वाधिक रोख आहे आणि तोच प्रेक्षकाला अस्वस्थ करतो. एवढ्या कथा एकाच दिवसात बसवताना समीर आणि त्याच्या पत्नीची कथा काहीशी चर्चात्मक झाली आहे, हेही नमूद केले पाहिजे. ५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संकलनासाठी ए. श्रीकर प्रसाद आणि कलादिग्दर्शनासाठी गौतम सेन यांना या चित्रपटाबद्दल गौरवण्यात आले. नंदिता दास यांनी स्वतः त्यात भूमिका केली नाही.

मंटो : पुढच्या चित्रपटासाठी दहा वर्षे गेली. मधल्या काळात ‘बिटवीन द लाइन्स’ (२०१२) हे नाटक त्यांनी दिग्दर्शित केले. एकाच खटल्यात परस्परविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकील पतिपत्नीच्या या नाटकात त्यांनी अभिनयही केला.

‘मंटो’ हा उर्दू कथाकार सआदत हसन मंटो (१९१२–१९५५) यांच्या १९४६ ते १९५० या काळावरील चित्रपट आहे. मंटोंची मुंबई म्हणजे चित्रपट कंपन्या, इराणी हॉटेले आणि मित्रांच्या मैफलींची मुंबई. अभिनेता श्याम यांच्याशी मैत्री, फाळणीनंतर लाहोरला जाण्याचा निर्णय, तेथे ‘ठंडा गोश्त’ या कथेवर चाललेला अश्लीलतेचा खटला आणि वाढत जाणारे मद्यपान हे त्याचे टप्पे. जीवनकथा सांगता सांगता मंटोंच्या कथा मध्येच पडद्यावर घडू लागतात. लेखकाचे जगणे कोठे संपते आणि कथा कोठे सुरू होते हे क्षणभर कळत नाही. मंटोंच्या कथा मराठीत अनुवादांतून वाचलेल्या वाचकाला ही रचना सहज उमगते. ज्याने त्या वाचलेल्या नाहीत, त्याला काही ठिकाणी अडखळायला होते. मंटोंची भूमिका नवाझुद्दीन सिद्दिकी यांनी, तर पत्नी सफिया यांची रसिका दुगल यांनी केली. एरवी लेखकांच्या चरित्रपटांत पत्नी कोपऱ्यात राहते. येथे लेखकाच्या सत्यनिष्ठेची किंमत घरात कोण मोजते, हे सफियाच्या चेहऱ्यावर दिसत राहते.

मे २०१८ मध्ये कान महोत्सवाच्या ‘अं सर्तं रगार’ विभागात ‘मंटो’ दाखवण्यात आला आणि २१ सप्टेंबर २०१८ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी आशिया पॅसिफिक स्क्रीन पुरस्कारांत नवाझुद्दीन सिद्दिकी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. चित्रपट घडवतानाच्या अनुभवांवर नंदिता दास यांनी ‘मंटो अँड आय’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले आहे.

झ्विगाटो : तिसरा चित्रपट वडिलांच्या ओडिशात, भुवनेश्वर शहरात घडतो. महामारीच्या काळात कारखान्यातील नोकरी गेलेला मानस (कपिल शर्मा) घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करू लागतो. त्याचा मालक त्याला कधीच दिसत नाही. दिसतात ते भ्रमणध्वनीवरील गुण, तारे आणि दंड. पत्नी प्रतिमा (शहाना गोस्वामी) कामासाठी घराबाहेर पडू पाहते, तेव्हा स्वतः पिचलेला मानसच तिला अडवतो. विनोदी कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेल्या कपिल शर्मा यांना अशा अबोल भूमिकेसाठी निवडणे धाडसाचे होते. पटकथा समीर पाटील यांच्यासमवेत लिहिलेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये टोरोंटो येथे आणि मार्च २०२३ मध्ये भारतात हा चित्रपट प्रदर्शित झाला.

अन्य कार्य व सन्मान

२००९ ते २०१२ या काळात नंदिता दास भारतीय बाल चित्रपट समितीच्या अध्यक्ष होत्या. राजन खोसा यांच्या ‘गट्टू’ची निर्मिती समितीने याच काळात केली. टाळेबंदीच्या दिवसांत घरगुती हिंसाचारावरील ‘लिसन टू हर’ (२०२०) हा लघुपट त्यांनी स्वतःच्या घरीच चित्रित केला. २००५ साली कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर त्यांची निवड झाली होती. २०१३ मध्ये तेथील लघुपट विभागाच्या परीक्षक मंडळावरही त्या होत्या. फ्रान्स सरकारने कला व साहित्यविषयक ‘शेव्हालिए’ हा किताब त्यांना दिला आहे. २०१४ मध्ये त्या अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ‘वर्ल्ड फेलो’ होत्या. अभिनय त्यांनी पूर्णपणे सोडलेला नाही. तेलुगू ‘विराट पर्वम’ (२०२२) या चित्रपटात त्या दिसल्या.