'शाल' आणि 'क्रोशा' : एका जाळीदार वस्त्राचा व त्याच्या नावांचा इतिहास

कडाक्याची थंडी ओसरल्यानंतर, किंवा पावसाळ्यातील एखाद्या गार संध्याकाळी, खांद्यांवर घ्यावयाची हलकी जाळीदार शाल एकाच आकडीदार सुईने विणण्याची पद्धत आज जगातील अनेक देशांत रूढ आहे. या वस्त्रात दोन शब्द एकत्र आले आहेत. वस्तूचे नाव 'शाल'. कृतीचे नाव 'क्रोशा'. पहिला शब्द फार्सीतून निघून युरोपात गेला, दुसरा फ्रेंचमधून निघून हिंदुस्थानात आला. दोन्ही शब्दांच्या प्रवासामागे व्यापार आहे, फॅशन आहे, आणि दुसऱ्या शब्दाच्या मागे एक दुष्काळही आहे. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा मागोवा घ्यावयाचा असून, ज्या हातांनी ही जाळी विणली त्यांची नोंद इतिहासाने कोणत्या शब्दांत केली, हा प्रश्न त्यात ओघानेच येतो.

'शाल' या शब्दाविषयी फारसा वाद नाही. फार्सी 'शाल'पासून इंग्रजीत 'शॉल', फ्रेंचमध्ये 'शाल', जर्मनमध्येही 'शाल' अशी रूपे सिद्ध झाली. युरोपीय स्त्रियांच्या पोशाखात हे वस्त्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मिरी मालाच्या रूपाने शिरले. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त-मोहिमेनंतर फ्रान्समध्ये त्याला विशेष प्रतिष्ठा आली. मूळ माल इतका महाग होता की त्याच्या नकला निघणे अपरिहार्यच होते. स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावात त्या इतक्या विणल्या गेल्या की कोयरीच्या आकृतीला इंग्रजीत त्या गावाचेच नाव मिळाले. हे गाव या लेखात पुन्हा एकदा येणार आहे.

'क्रोशे' हा शब्द मात्र अधिक बोलका आहे. फ्रेंच 'क्रो' म्हणजे आकडा. 'क्रोशे' हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे लहानसा आकडा. इतर भाषांकडे पाहिले तर सर्वत्र हीच कल्पना आढळते. जर्मन 'हेकेल्न' आणि डच 'हाकेन' यांच्या मुळाशी आकडाच आहे. स्पॅनिश 'गांचियो' हे 'गांचो' या आकडावाचक शब्दाचे लघुरूप. इटालियन 'उंचिनेत्तो' तसेच. हंगेरियन 'होर्गोलाश'मध्ये 'होरोग', म्हणजे गळ किंवा आकडा, दडलेला आहे. पोलिश भाषेने आकड्याऐवजी लहान आरीचा शब्द घेतला, एवढाच काय तो फरक. म्हणजे बहुतेक भाषांनी या कलेला स्वतंत्र नाव न देता तिच्या हत्याराचे नाव दिले. कातणे, विणणे, शिवणे यांना त्या त्या भाषेत जुने, स्वयंपूर्ण धातू आहेत. या कामाला तसा धातू नाही. एवढ्यावरून कला नवी असे सिद्ध होत नाही, कारण जुन्या वस्तूलाही नवे नाव मिळू शकते. परंतु शब्दांची ही साक्ष लिखित पुराव्याशी जुळते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लिखित पुरावा असा : क्रोशे या नावाने आणि आजच्या अर्थाने छापलेल्या सूचनांपैकी ज्ञात असलेल्या पहिल्या सूचना 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात १८२३ मध्ये आल्या, आणि त्या रेशमी बटव्यांच्या आहेत. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी अरबस्तान, दक्षिण अमेरिका व चीन अशा तिन्ही कल्पित उगमस्थानांची छाननी केली; १८०० पूर्वीच्या युरोपात ही कला असल्याचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. वस्तुसंग्रहालयांतील ज्या प्राचीन तुकड्यांना पूर्वी क्रोशे म्हटले जाई, त्यांतील अनेक तुकडे नाकेदार सुईने गाठी ओवून केलेल्या एका निराळ्या व फार जुन्या पद्धतीचे निघाले. एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश लेखिकेच्या आठवणींत १८१२ सालच्या प्रसंगी 'मेंढपाळांच्या विणकामा'चा उल्लेख येतो, आणि तो वारंवार आधारासाठी पुढे केला जातो. मात्र या आठवणी १८४५ नंतर लिहिल्या गेल्या व १८९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तीस-चाळीस वर्षांनंतर लिहिणाऱ्या व्यक्तीच्या लेखणीत नंतरच्या काळचा शब्द सहज उतरतो. म्हणून हा उल्लेख १८१२ चा पुरावा म्हणून जपूनच वापरावा लागतो.

एक तर्क हिंदुस्थानच्या जवळ येतो. कच्छमधील मोची कारागिरांची आरी सर्वश्रुत आहे. ताणून बसविलेल्या कापडातून आकडीदार सुईने खालचा दोरा वर ओढून साखळीचा टाका घालावयाचा, ही तिची रीत. याच जातीचे भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेले आणि गोल चौकटीवर ताणलेल्या कापडामुळे तेथे त्याला 'तांबूर', म्हणजे ढोल, हे नाव पडले. पुढे कापडच काढून टाकून साखळी नुसती हवेत विणली जाऊ लागली आणि त्यातून क्रोशे निघाले, असे काही अभ्यासक मानतात. तर्क आकर्षक आहे, आणि दोन्ही कामांतील साखळी खरोखरच एक आहे. पण मधला दुवा दाखविणारी वस्तू अद्याप कोणी पुढे ठेवलेली नाही.

ही साखळी नीट समजून घेतल्याशिवाय हलक्या शालीचे गमक कळत नाही. दोन सुयांच्या विणकामात पूर्ण ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात; एक निसटला तर खालपर्यंत उसवत जातो. क्रोशाच्या कामात सुईवर बहुधा एकच फास असतो आणि प्रत्येक टाका पुरा होऊनच मागे पडतो. त्यामुळे वीण कोणत्याही दिशेला वळविता येते आणि मध्ये हवी तेवढी जागा मोकळी सोडता येते. परंतु टाका असा गाठीसारखा बसत असल्यामुळे घट्ट क्रोशाला दोरा अधिक लागतो, आणि कापड जाड व ताठ होते. बटव्याला हा गुण, शालीला दोष. म्हणून क्रोशाची शाल हलकी व्हावयाची असेल तर ती टाक्यांनी नव्हे, टाके वगळून करावी लागते : चार-पाच खांब एका घरात पंख्यासारखे पसरावयाचे, पुढच्या खांबापर्यंत नुसती साखळी न्यावयाची, आणि दोऱ्याच्या मानाने सुई जाड घ्यावयाची. विणून झालेली शाल ओली करून टाचण्यांनी ताणून वाळविली, म्हणजेच जाळी उघडते. त्याआधी ती चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते, आणि नवशिक्या विणणारीचा धीर बहुधा येथेच सुटतो.

टाक्यांच्या नावांत भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक लक्षणीय भेद आहे. ब्रिटिश परिभाषेत ज्याला 'डबल' म्हणतात, त्यालाच अमेरिकेत 'सिंगल' म्हणतात. ब्रिटिश 'ट्रेबल' तो अमेरिकन 'डबल'. ब्रिटिश अंक सुईवर एका वेळी येणाऱ्या फासांच्या संख्येशी जुळतो, अमेरिकन अंक दोरा फासांतून किती वेळा ओढावयाचा त्याच्याशी. एकाच कृतीची ही दोन गणिते आहेत. एका देशातील कृतिपत्रिका दुसऱ्या देशात जशीच्या तशी वाचली, तर शालीची मापे पार बदलतात. मराठीने अंकाच्या वाटेला न जाता दृष्टीवर भर दिला : 'साखळी', 'खांब', आणि आखूड टाक्याला 'मुका खांब'. वीण डोळ्यांसमोर उभी करण्याचे हे सामर्थ्य उसन्या शब्दांत नाही. खुद्द 'क्रोशा' हा शब्द मात्र अजून पुरता स्थिरावलेला दिसत नाही. 'घोडा–घोड्याचे' या वळणावर 'क्रोश्याचे' असेही म्हटले जाते आणि 'क्रोशाचे' असेही. हिंदीने 'क्रोशिया' करून आपली सोय केली.

अशा विरळ वस्त्रांची युरोपातील भरभराट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाली. डोक्यावरून व खांद्यांवरून घ्यावयाच्या लांबट, अतिशय सैल विणीच्या लोकरी पट्टीला इंग्रजीत 'क्लाउड', म्हणजे मेघ, म्हणत. तिचेच 'नूबिया' हे दुसरे नाव लॅटिनमधील मेघवाचक शब्दावरून आले. 'फॅसिनेटर' हेही अशाच एका जाळीदार शिरोवस्त्राचे नाव होते. आज तो शब्द केसांत खोवावयाच्या पिसाफुलांच्या अलंकाराला लागतो. वस्तू गेली, नाव दुसरीकडे कामाला लागले.

वस्त्र सामान्यांच्या आवाक्यात आले ते दोऱ्यामुळे. नेपोलियनच्या युद्धकाळात रेशीम दुर्मिळ झाले, तेव्हा पेझ्ली येथील क्लार्क कुटुंबाने रेशमाच्या जागी चालेल असा पक्का सुती दोरा काढला. जॉन मर्सर याने १८५० मध्ये सुतावर क्षाराची प्रक्रिया करण्याचे पेटंट घेतले, आणि शतकाच्या अखेरीस ती प्रक्रिया सूत ताणून धरून करण्याची युक्ती निघाल्यावर सुताला रेशमासारखी चकाकी आली. क्लार्कांची पेढी १८९६ मध्ये त्याच गावच्या कोट्स यांच्या पेढीत विलीन झाली. महाराष्ट्रातील घरांत तोरणे, ताटांवरची झाकणे आणि मणी लावलेले रुमाल ज्या 'अँकर' दोऱ्याने विणले गेले, तो याच परंपरेतला. म्हणजे ज्या गावाने काश्मिरी शालीची नक्कल केली, त्याच गावाने क्रोशाला दोरा पुरविला.

सुती दोरा स्वस्त, आणि सुई त्याहून स्वस्त. बॉबिनांच्या लेसला उशी, असंख्य बॉबिने व दीर्घ उमेदवारी लागते. येथे तारेचा किंवा जाड सुईचा वाकविलेला तुकडा लाकडाच्या मुठीत बसविला की काम भागे. ही गोष्ट आयर्लंडमध्ये जिवावर बेतलेल्या वेळी उपयोगी पडली. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली. आणखी दहा लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. कॉर्कजवळ ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन मठातील जोगिणींनी मुलींना क्रोशे शिकविले. क्लोन्स येथे १८४७ मध्ये कॅसांड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने शिक्षिका आणवून हा उद्योग सुरू केला. गुलाब, त्रिदल पान, द्राक्षघोस असे नग निरनिराळ्या घरी विणावयाचे, मग ते आखलेल्या कापडावर टाचून मधली जाळी भरावयाची, अशी कामाची वाटणी होती. विशिष्ट नग विशिष्ट कुटुंबाचा असे आणि तो इतरांपासून लपवून ठेवला जाई, असे सांगतात. या कमाईवर घरे तगली, कित्येकांच्या अमेरिकेच्या प्रवासाचे भाडेही त्यातून निघाले.

या कामाचे श्रेय कोणाला द्यावयाचे, यावर तेव्हाच दावे सुरू झाले. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या लंडनमधील विदुषीने १८४६ पासून क्रोशाच्या कृतींची पुस्तके सातत्याने काढली, १८५१ च्या लंडन प्रदर्शनात पदक मिळविले, आणि क्रोशे-लेसचा शोध आपलाच, असे प्रतिपादन केले. तिचे कर्तृत्व खरे आहे. तोंडी चाललेली कला छापील सूचनांत बसविणे हे काम लहान नाही. तथापि छापील पुरावा छापणाऱ्याच्या बाजूनेच झुकतो, हे इतिहासकाराने विसरू नये. क्लोन्सच्या विणणाऱ्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. त्यांचे नाव राहिले ते एका टाक्यात : साखळीवर दोऱ्याचे वेढे देऊन केलेल्या गाठीला आजही 'क्लोन्स गाठ' म्हणतात.

यंत्राने या लेसचे रूप लवकरच उचलले. १८८० नंतर विरघळणाऱ्या कापडावर यंत्राने भरतकाम करून मागाहून कापड नाहीसे करण्याची रीत निघाली आणि आयरिश नमुन्यांच्या नकला बाजारात आल्या. खरे क्रोशे मात्र व्यापारी प्रमाणावर यंत्राने होत नाही. अलीकडे प्रयोगशाळांतून काही यंत्रे तयार झाली आहेत, पण ती प्रयोगापुरतीच. दुकानात मिळणारी क्रोशाची खरी शाल, तिची किंमत काहीही असो, कोणाच्या तरी हाताने टाक्यामागून टाका घालून झालेली असते.

तो हात कोणाचा, हे पाहावयाचे तर ज्या नदीचा उगम त्र्यंबकेश्वरी होतो त्या गोदावरीच्या मुखाकडे जावे लागते. आंध्रमधील नरसापूरच्या परिसरात मिशनरींनी एकोणिसाव्या शतकात रुजविलेला क्रोशाच्या लेसचा उद्योग विसाव्या शतकात निर्यातीचा मोठा व्यवसाय झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७० नंतरच्या दशकात तेथे क्षेत्रीय अभ्यास केला. त्यावरील ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोरा व्यापाऱ्याचा, बाजार परदेशी, मजुरी नगावर, आणि विणणाऱ्या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास कामात. तरीही त्यांची गणना कामगारांत नव्हती. त्या 'घरी बसणाऱ्या' गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, असे व्यापारी म्हणत व घरचे पुरुषही म्हणत. मीस यांचे म्हणणे असे की मजुरी इतकी कमी ठेवणे याच शब्दामुळे शक्य झाले. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे-लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. ही नोंदणी मालाच्या नावाला संरक्षण देते. विणणारीला नगामागे काय मिळावे, हे तिच्या कक्षेत येत नाही.