निम्मा स्वयंपाक बाजारातून

रात्री काय करायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत संध्याकाळी सहानंतरच उभा राहतो. शाळा, बँक, दवाखाना, सराफ्यातील दुकान किंवा औद्योगिक वसाहतीतील पाळी आटोपून घरी पोहोचलेल्या व्यक्तीच्या हाती स्वयंपाकासाठी जेमतेम पाऊण तास असतो. अशा वेळी किराणा दुकानातून आणलेल्या तयार जिनसांचा आधार घेणे म्हणजे आळस, अशी समजूत आजही अनेक घरांत आहे. खामगावसारख्या वऱ्हाडातील शहरात ही समजूत फारच विसंगत ठरते. कारण येथील जुना स्वयंपाक अशाच आगाऊ तयारीवर उभा होता.

वऱ्हाडातील उन्हाळा कडक. पारा चाळिशीपार गेला की गच्च्यांवर आणि अंगणांत मुगवड्या, सांडगे, कुरडया, शेवया, पापड, बिबड्या वाळत पडत. चैत्र-वैशाखात केलेले हे वाळवण हौसेपुरते नव्हते. भाजी महाग होईल, मिळणार नाही किंवा शेतातून यायला उशीर होईल, त्या रात्रीची ती सोय होती. मूठभर वड्या रश्शात टाकल्या की विसाव्या मिनिटाला पाने वाढता येत. आज हेच वाळवण बचत गटांच्या विक्री केंद्रांतून आणि किराणा दुकानांतून विकत मिळते. श्रम तेच आहेत. फक्त ते एका घरातून दुसऱ्या घरात गेले आणि त्यांना दाम मिळू लागला.

त्या श्रमांचा हिशेब सरकारी आकड्यांतही सापडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीनुसार, २०१९ मध्ये विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे मिक्सर, कुकर, गॅस आणि तयार पिठांच्या काळातही पाच वर्षांत स्त्रियांची वाचली ती दहा मिनिटे. पुरुषांचीही नऊ मिनिटे वाचली, हे ओघाने नमूद करायला हवे.

काय आणावे, काय घरी करावे

बाजारातून श्रम विकत घ्यावेत, चव घरी करावी, हे धोरण सर्वांत सोयीचे. दळणे, वाळवणे, भाजणे, सोलणे आणि आंबवणे या पाच कामांना तास लागतात, आणि ती दुसऱ्याने नीट केली तर पदार्थाचे फारसे काही बिघडत नाही. फोडणी, मीठ, आंबटपणा आणि तिखट यांना मात्र पाच मिनिटे पुरतात. हे शेवटचे कामही पाकिटातून विकत घेतले, की ग्राहक प्रामुख्याने पाणी, तेल आणि मिठाचे पैसे मोजतो. बेसन, मुगवडी, भाजलेले शेंगदाणे, काळा मसाला, इडलीचे पीठ पहिल्या गटात येतात. तयार रस्सा आणि तयार ग्रेव्ही दुसऱ्या.

मुगवडीचा रस्सा हा या पद्धतीचा उत्तम नमुना. चार माणसांसाठी एक वाटी मुगवड्या दोन चमचे तेलात तांबूस होईपर्यंत परताव्यात आणि बाजूला काढून त्यांतील निम्म्या जाडसर ठेचाव्यात. त्याच भांड्यात आणखी थोडे तेल घालून जिरे-मोहरी, दोन बारीक चिरलेले कांदे, आले-लसूण आणि एक टोमॅटो परतावा. काळा मसाला, हळद व तिखट घालून चार वाट्या गरम पाणी ओतावे, वड्या सोडाव्यात आणि झाकण ठेवून बारा ते पंधरा मिनिटे शिजू द्यावे. ठेचलेल्या वड्यांमुळे रश्शाला दाटपणा येतो. वेगळे वाटण लागत नाही. गार पाणी घातल्यास वड्या आतून कडक राहतात, म्हणून पाणी गरमच हवे.

कुरडई तळण्यासाठीच असते, असा शहरी समज आहे. वास्तविक तिची भाजी हा विदर्भ-खानदेशातील जुना आणि झटपट प्रकार. चार कुरडयांचे तुकडे करून गरम पाण्यात सहा-सात मिनिटे भिजवावेत, निथळावेत आणि कांदा, हिरवी मिरची व हळदीच्या फोडणीत परतावेत. वर कोथिंबीर आणि लिंबू. कुरडईत मीठ आधीच असते. चव घेतल्याशिवाय वरून घालू नये.

पापडाची भाजी या शहरात परकी वाटण्याचे कारण नाही. कापसाच्या बाजारपेठेमुळे १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा खामगावपर्यंत आला. वऱ्हाडातील अशा बाजारपेठांत मारवाडी व गुजराती व्यापारी कुटुंबे स्थिरावली आणि त्यांचे खाद्यप्रकारही रुळले. एक वाटी दह्यात एक चमचा बेसन, हळद, तिखट व धनेपूड घालून घुसळावे. बेसनामुळे दही फाटत नाही. जिरे-हिंगाच्या फोडणीत हे मिश्रण व दीड वाटी पाणी घालून सतत ढवळत उकळी आणावी आणि भाजलेल्या चार उडीद पापडांचे तुकडे टाकून दोन मिनिटांत गॅस बंद करावा. पापडातील मीठ आणि पापडखार दोन्ही रश्शात उतरतात, त्यामुळे येथेही मीठ बहुधा लागतच नाही.

शेवभाजी खानदेशची, पण ती वऱ्हाडात केव्हाच येऊन बसली आहे. तिच्यासाठी जाड, तिखट शेव हवी; बारीक शेव क्षणात विरघळून रश्शाचा लगदा करते. भाजलेला कांदा आणि सुके खोबरे यांचे वाटण रविवारी करून फ्रीजमध्ये ठेवले, तर तीन-चार दिवस टिकते. रस्सा दहा मिनिटांत उकळतो. शेव मात्र ताटात वाढतानाच घालावी. भांड्यात घालून ‘जरा मुरू द्यावी’ म्हणणाऱ्यांनी शेवभाजी नव्हे, पिठले करावे.

पिठले हा तर झटपट जेवणाचा मूळपुरुष. बेसनाचे एक पाकीट घरात असले की एक वाटी पीठ, तीन वाट्या पाणी, लसूण-मिरचीची फोडणी आणि बारा मिनिटे पुरतात. पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घेतले की गुठळ्या होत नाहीत. शेगाव येथून हाकेच्या अंतरावर. गजानन महाराजांना झुणका-भाकरीचा नैवेद्य दाखविणारा हा भाग. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आखली, तेव्हा पदार्थाची निवड अचूक होती, मग योजनेचे पुढे काहीही झालेले असो.

भाकरीचे पीठ मात्र जपून घ्यावे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरा पडतात. पाकिटावरील दळणाची तारीख पाहून लहान पाकीट घेणे बरे. विरी गेलेच, तर उकळत्या पाण्यात पीठ मळावे. तेवढाही वेळ नसेल, तर पोळीभाजी केंद्रातून केवळ पोळ्या आणून भाजी घरी करणे हा समंजस मार्ग आहे.

हिवाळ्यात भाजीबाजारच मदतीला येतो. तुरीच्या ओल्या शेंगांचे सोललेले दाणे, अर्थात सोले, विकत मिळतात. शेंगा सोलण्यात जाणारा तास वाचला की सोलेभात कुकरमध्ये वीस मिनिटांचा: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी सोले, कांदा, गोडा किंवा काळा मसाला. एरवी गोठवलेले मटार चालतात. ते आधीच वाफवलेले असल्याने शेवटी घालावेत आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नयेत.

इडली-डोशाच्या तयार पिठाबाबत वऱ्हाडी उन्हाळ्याची आठवण ठेवावी. मे महिन्यात दुकानातून घरी येईपर्यंतच्या अर्ध्या तासातही पीठ फुगू लागते. दुकानात ते फ्रीजमध्येच ठेवलेले असावे, पिशवी फुगलेली नसावी आणि उरलेले पीठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपवावे. आंबलेल्या पिठाचे कांदा-मिरची घालून उत्तप्पे होतात. दुर्गंधी येणारे किंवा रंग बदललेले पीठ मात्र फेकावे.

पाकिटांमागचा इतिहास आणि मजकूर

मराठी घरांत तयार जिन्नस काल-परवा आलेले नाहीत. बेडेकरांचे दुकान गिरगावात १९१० मध्ये सुरू झाले. त्याच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि ‘लिज्जत’ उभी राहिली. १९६३ मध्ये पुण्यात ‘गिट्स’ने तयार पिठांचा व्यवसाय मांडला. केवळ गरम करून खाण्याच्या पाकिटांचे तंत्र भारतात प्रथम जवानांच्या शिध्यासाठी विकसित झाले. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने ते पुढे खासगी कंपन्यांनाही दिले. थरांच्या पिशवीत अन्न हवाबंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते, म्हणून ते परिरक्षकांशिवायही महिनोन् महिने टिकते. ‘टिकते म्हणजे रसायन असणारच’ हा आक्षेप येथे लागू पडत नाही.

लागू पडतो तो मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाकिटावर मीठ नव्हे, सोडियम लिहिलेले असते; त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. समजा, तीनशे ग्रॅमच्या तयार भाजीवर शंभर ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियम नोंदवले आहे. संपूर्ण पाकिटात १,२०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे तीन ग्रॅम मीठ झाले. दोघांत वाटले तरी प्रत्येकी दीड ग्रॅम, आणि पापड-लोणचे अजून ताटात यायचेच आहे. रक्तदाबाचा रुग्ण घरात असेल, तर हा गुणाकार दुकानातच करावा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. ‘पनीर’ नावाच्या पाकिटात पनीर चौथ्या क्रमांकावर असेल, तर उरलेले काय आहे ते ओळखावे. बचत गटाच्या पाकिटावरही चौदा अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक असायला हवा. नसेल तर विचारण्यात संकोच नको. खर्चाच्या बाजूने पाहता, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद पोळी, पराठा आणि पनीर यांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला, तर शेव-फरसाण व नूडल्स पाच टक्क्यांच्या गटात आले. सुट्या बेसनावर कर नाही, लेबल लावलेल्या पाकिटावर पाच टक्के आहे.

आठवड्याच्या बेतासाठी घरात बेसन, मुगवडी, जाड शेव, उडीद पापड, काळा मसाला आणि भाजलेले अख्खे शेंगदाणे एवढा साठा पुरेसा आहे. शेंगदाण्याचा कूट तयार घेऊ नये. तो लवकर खवट होतो, आणि मिक्सरला त्यासाठी अर्धा मिनिटच लागतो. बुरशीचा वास येणारे किंवा काळपट दाणे निवडून टाकावेत. मुगवड्या आणि कुरडया पावसाळ्यात सर्द होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून श्रावणाआधी एकदा ऊन दाखवावे. पाऊस लागून राहिला असेल, तर मंद आचेवरील कढईत पाच मिनिटे फिरवून, पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करावा.