प्रचारभाषण (अहिल्यानगर जिल्हा)

प्रचारभाषण म्हणजे निवडणुकीतील उमेदवाराने, किंवा त्याच्या वतीने इतर वक्त्याने, मतदारांसमोर केलेले जाहीर भाषण. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आपले वेगळेपण मतदारांच्या मनावर ठसवणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला या विषयाच्या अभ्यासात विशेष स्थान आहे. प्रचारात प्रतिस्पर्ध्याविषयी काय बोलता येते आणि काय येत नाही, याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल याच जिल्ह्यातील निवडणुकीतून निघाला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर उमेदवाराचे भाषाज्ञान हाच येथे प्रचाराचा एक मुद्दा झाला.

पार्श्वभूमी

अमेरिकेत एकाच पक्षातील इच्छुक उमेदवार अंतिम निवडणुकीपूर्वी प्राथमिक निवडणूक लढवतात आणि त्यासाठी एका व्यासपीठावर येऊन वाद करतात. १७ मे १९४८ रोजी ऑरेगन राज्यात टॉमस ड्यूई आणि हॅरल्ड स्टासेन या रिपब्लिकन इच्छुकांचा वाद नभोवाणीवरून प्रसारित झाला. कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी काय, एवढ्या एकाच प्रश्नावर तो झाला. पुढे दूरचित्रवाणीच्या काळात अशा वादांत दहा-दहा उमेदवार एका रांगेत उभे राहू लागले आणि गर्दीतून उठून दिसणे ही स्वतंत्र कला बनली. फेब्रुवारी २०१६ मधील एका वादात मार्को रुबियो यांनी पाठ केलेले एकच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले. त्यांच्या पक्षातीलच क्रिस ख्रिस्ती यांनी ते तिथल्या तिथे सर्वांच्या लक्षात आणून दिले. प्रतिस्पर्धी समोर उभा असला की पाठांतर कसे उघडे पडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

भारतात अशी पद्धत नाही. १९७७ पासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर प्रचारासाठी वेळ मिळतो. पण तेथे प्रत्येक पक्ष आपले म्हणणे एकटाच मांडतो. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर वादाचे निमंत्रण दिले होते. राहुल गांधी यांनी ते स्वीकारले, मात्र वाद झाला नाही. शाळा-महाविद्यालयांतील वादविवाद स्पर्धांत दोन्ही बाजू एकाच मंचावर बोलतात. त्यात तयार झालेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष निवडणुकीत तसा मंचच दिसत नाही, ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

उमेदवारीची स्पर्धा

पक्षांतर्गत निवडणुकीने उमेदवार ठरवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झाला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील काही निवडक मतदारसंघांत तो केला. त्यात वर्धा व लातूर यांचा समावेश होता. मतदानाचा हक्क सर्वसामान्य मतदारांना नव्हे, तर पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना होता. वर्ध्यातून सागर मेघे आणि लातुरातून दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. प्रत्यक्ष निवडणुकीत मात्र ते अनुक्रमे रामदास तडस व सुनील गायकवाड या भाजपच्या उमेदवारांकडून पराभूत झाले.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रयोग झाला नाही. येथे ‘तिकीट’ मुंबई-दिल्लीत ठरते आणि ते न मिळालेला इच्छुक अपक्ष उभा राहतो किंवा पक्ष बदलतो. १९९१ मध्ये काँग्रेसने अहमदनगर लोकसभा मतदारसंघाची उमेदवारी यशवंतराव गडाख यांना दिली, तेव्हा बाळासाहेब विखे पाटील अपक्ष म्हणून उभे राहिले. २०१९ मध्ये आघाडीच्या जागावाटपात ही जागा राष्ट्रवादी काँग्रेसकडे राहिल्यामुळे त्यांचे नातू सुजय विखे पाटील यांनी भाजपमध्ये प्रवेश केला व ते २,८१,४७४ मतांनी निवडून आले. त्या वेळी त्यांचे वडील राधाकृष्ण विखे पाटील हे विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. २०२४ मध्ये पारनेरचे आमदार नीलेश लंके यांनी आमदारकीचा राजीनामा देऊन राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाकडून उमेदवारी घेतली.

याचा भाषणांवर थेट परिणाम होतो. अमेरिकेत एका पक्षाच्या दोन इच्छुकांतील फरक मतदार त्यांच्याच तोंडून ऐकतो. येथे ती निवड बंद दाराआड होते आणि कालपर्यंत एका पक्षात असलेले दोन नेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. धोरणांत फारसे अंतर नसल्यामुळे भाषण लवकरच व्यक्तीकडे वळते. जिल्ह्यातील प्रचाराला वैयक्तिक धार येण्याचे हे एक प्रमुख कारण मानावे लागेल.

सभेची घडण

प्रचाराचा आरंभ ग्रामदैवताच्या मंदिरात नारळ फोडून होतो. त्यानंतर गावोगावच्या कोपरा सभा, आठवडे बाजारातील भेटी आणि शेवटी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणची सांगता सभा, असा क्रम असतो. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान १४ दिवसांचे अंतर कायद्याने ठेवावे लागते आणि मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक बंद असतो. त्यामुळे शेतीची कामे आटोपून लोक जमेपर्यंत आणि दहा वाजेपर्यंत जो काळ उरतो, तोच उमेदवाराच्या हाती असतो.

व्यासपीठावर आधी स्थानिक कार्यकर्ते, मग उमेदवार आणि अखेरीस मोठा नेता बोलतो. मान्यताप्राप्त पक्षाला ४० पर्यंत ‘स्टार प्रचारक’ नेमता येतात व त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. उमेदवार त्यांच्यासोबत मंचावर आला, तर सभेच्या खर्चाचा वाटा मात्र त्याच्या नावावर पडतो. मोठा नेता येणार म्हणून गर्दी होते आणि त्याच गर्दीत उमेदवाराचे स्वतःचे भाषण हरवते, असे अनेकदा घडते. कोपरा सभा लहान असते. पण तेथे उमेदवाराला ओळखणारे आणि मधेच प्रश्न विचारणारे लोक असतात.

जिल्ह्याच्या बोलण्यावर कीर्तन-प्रवचनाची छाया स्पष्ट आहे. नेवासे हे ज्ञानेश्वरीचे स्थान. शेवगावचे बाळासाहेब भारदे, जे १९६२ ते १९७२ या काळात महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते, ते संतवाङ्मयाचे अभ्यासक म्हणूनही ओळखले जात. दृष्टान्त देऊन मूळ मुद्द्यावर परत येण्याची कीर्तनकाराची रीत येथील श्रोत्यांच्या कानांना सवयीची आहे. आकडेवारीची यादी वाचणारा वक्ता त्यांना परका वाटतो.

विषय: पाणी, कांदा, ऊस

उत्तरेकडील तालुके भंडारदरा व निळवंडे धरणांच्या पाण्यावर, दक्षिणेकडील श्रीगोंदा व कर्जत मुख्यतः कुकडीच्या आवर्तनावर अवलंबून आहेत. ‘आम्ही पाणी आणू’ हे वाक्य प्रत्येकच उमेदवार बोलतो, म्हणून त्याने कोणीही वेगळा ठरत नाही. आवर्तन किती दिवसांचे असावे, टेलच्या गावांना ते का पोहोचत नाही, कोणती चारी दुरुस्त व्हायची राहिली आहे, हे सांगणारा उमेदवार लक्षात राहतो. कारण ऐकणाऱ्याचे त्या उन्हाळ्यातले पीक त्यावर ठरलेले असते. निळवंडे प्रकल्पाच्या कालव्यांची वाट अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव या भागांतील शेतकऱ्यांनी दशकानुदशके पाहिली. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथे जलपूजन झाले. नगर व श्रीगोंदा तालुक्यांतील गावांसाठीची साकळाई उपसा सिंचन योजना हा असाच निवडणुकीमागून निवडणुकीत येणारा विषय आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली व ती ४ मे २०२४ रोजी, म्हणजे येथील मतदानाच्या नऊ दिवस आधी, उठवली. दूध आणि कांद्याचे भाव हे त्या निवडणुकीतील भाषणांचे मुख्य खाद्य होते.

१९९१ ची निवडणूक आणि खटला

जून १९९१ मध्ये झालेल्या निवडणुकीत यशवंतराव गडाख यांनी बाळासाहेब विखे पाटील यांचा पराभव केला. विखे पाटील यांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. प्रचारसभांतून आपल्यावर निवडणुकीत पैशाचा गैरवापर केल्याचे खोटे आरोप करण्यात आले, असा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. शरद पवार यांच्या भाषणांचाही त्यात उल्लेख होता. ३० मार्च १९९३ रोजी उच्च न्यायालयाने गडाख यांची निवड रद्द केली, विखे पाटील यांना निवडून आल्याचे घोषित केले आणि पवार यांच्यावरही ठपका ठेवला. त्या वेळी पवार राज्याचे मुख्यमंत्री होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ नोव्हेंबर १९९३ च्या निकालात गडाख यांची निवड रद्द करण्याचा निर्णय कायम राहिला. पवार यांच्यावरील ठपका मात्र दूर झाला. जागा रिकामी होऊन १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली व मारुती शेळके निवडून आले. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी लिहिलेल्या या निकालात प्रचाराच्या घसरलेल्या पातळीविषयी खेद व्यक्त झाला असून, सर्व पक्षांच्या वरिष्ठ नेत्यांनी चांगला पायंडा पाडला तरच तो खालपर्यंत झिरपेल, असा विचार मांडला आहे.

निकालाचा आधार असलेला लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२३(४) समजून घेणे आवश्यक आहे. या कलमाखाली भ्रष्ट आचार सिद्ध होण्यासाठी विधान वस्तुस्थितीविषयी असावे लागते, केवळ मत नव्हे. ते खोटे असावे व बोलणाऱ्याला ते खोटे वाटत असावे, किंवा खरे वाटत नसावे. ते उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्य-वर्तनाविषयी किंवा त्याच्या उमेदवारीविषयी असावे आणि त्याची निवडून येण्याची शक्यता कमी करण्याजोगे असावे. ‘यांच्या कारखान्याने उसाला भाव कमी दिला’ ही सार्वजनिक कारभारावरील टीका आहे. ‘यांनी अमुक गावात पैसे वाटले’ हे वस्तुस्थितीचे विधान आहे आणि पुरावा नसेल तर ते निवडच धोक्यात आणू शकते. उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्याने केलेले विधानही त्याच्यावर उलटते.

विखे पाटील १९९८ मध्ये शिवसेनेतर्फे याच मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पुढे दोघांनीही आत्मचरित्रे लिहिली: गडाखांचे ‘अर्धविराम’ आणि विखे पाटलांचे ‘देह वेचावा कारणी’. जिल्ह्याच्या राजकारणाच्या अभ्यासकाने ती शेजारी ठेवून वाचावीत.

२०२४: इंग्रजीचा मुद्दा

२०२४ च्या प्रचारात न्यूरोसर्जन असलेल्या सुजय विखे पाटील यांनी, संसदेत प्रश्न मांडण्यासाठी इंग्रजी यावे लागते असे सुचवत, नीलेश लंके यांना तसे बोलून दाखवण्याचे आव्हान दिले. आपले शिक्षण हे आपले वेगळेपण, असा हा युक्तिवाद होता. परंतु ज्या मतदारांना स्वतःला इंग्रजी बोलता येत नाही, त्यांच्यापुढे तो मांडला गेला होता. कोविडकाळात भाळवणी येथे चालवलेल्या उपचार केंद्रामुळे ओळखले जाणारे लंके आपण सामान्य कुटुंबातले असल्याचे सांगत होतेच; या आव्हानाने त्यांच्या त्या मांडणीला बळच मिळाले.

१३ मे रोजी मतदान झाले. लंके यांना ६,२४,७९७ आणि विखे पाटील यांना ५,९५,८६८ मते मिळाली. अंतर २८,९२९ मतांचे होते. २५ जून २०२४ रोजी लंके यांनी खासदारकीची शपथ इंग्रजीतून घेतली व शेवटी ‘राम कृष्ण हरी’ म्हटले. आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत ही शपथ घेता येते आणि महाराष्ट्रातील अनेक खासदार ती मराठीत घेतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२० नुसार हिंदी वा इंग्रजीत पुरेसे बोलता न येणाऱ्या सदस्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते. म्हणजे मूळ आव्हानाला घटनात्मक आधार नव्हता. हे उत्तर प्रचारात ठामपणे दिले गेले असते, तर ते अधिक शैक्षणिक ठरले असते. निकालाचे श्रेय या एका प्रसंगाला देणे मात्र घाईचे होईल. कांदा, दूध आणि पक्षफुटीनंतरची सहानुभूती हीदेखील त्यामागे होती.

इतर वक्त्यांची जबाबदारी

ऑक्टोबर २०२४ मध्ये संगमनेर तालुक्यातील धांदरफळ येथे सुजय विखे पाटील यांच्या सभेत एका वक्त्याने बाळासाहेब थोरात यांच्या कन्येविषयी आक्षेपार्ह उद्गार काढले. त्यानंतर तालुक्यात तीव्र पडसाद उमटले, जाळपोळ झाली व वक्त्याला अटक झाली. विखे पाटील यांनी त्या उद्गारांचा निषेध केला. सभेत कोणाला माईक द्यायचा, हा निर्णय सूत्रसंचालकावर सोडण्याची पद्धत किती धोक्याची आहे, हे या घटनेने दाखवले. १९८५ पासून सलग निवडून येणारे थोरात पुढच्या महिन्यातील विधानसभा निवडणुकीत शिवसेनेच्या अमोल खताळ यांच्याकडून पराभूत झाले.

समोरासमोर प्रश्नोत्तरांच्या जागा

जिल्ह्यात वादाची सवय अजिबात नाही, असे नाही. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग जिल्हाभर कारखाने निघाले. या कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद अध्यक्षांना उसाचा भाव, कर्ज, तोडणीचा कार्यक्रम यांविषयी तोंडावर विचारू शकतो. जिल्ह्यातील अनेक आमदार-खासदारांचे बोलण्याचे शिक्षण याच सभांत झाले. विषयपत्रिकेवरील ठराव घोषणांच्या गजरात काही मिनिटांत मंजूर करून घेण्याची प्रथाही तितकीच जुनी आहे.

दुसरी जागा ग्रामसभा. हिवरे बाजार येथे सुमारे तीस वर्षे ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होत असे. उमेदवारांची निवड गाव एकत्र बसून करी. जानेवारी २०२१ मध्ये तेथे प्रथमच लढत झाली आणि पोपटराव पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. राळेगणसिद्धीतही त्याच वेळी बिनविरोध निवडीची परंपरा खंडित होऊन मतदान झाले.