सेक्रेटरीकाका, जरा वही दाखवता का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा आकडा ऐकून बाबांनी हिशेब विचारला. "वीस वर्षं फुकट राबतोय, विश्वास नाही का?" सेक्रेटरीकाका भडकले. दोघांचं सकाळचं एकत्र फिरणं त्या दिवसापासून बंद. आमच्याकडे कोड रिव्ह्यू मागितला म्हणून कोणी बोलणं टाकत नाही हो! (बरं, क्वचित टाकतात.)

मग शनिवारी बसून जरा इतिहास उकरला. १९०४ च्या सहकार कायद्यात फक्त पतसंस्थांना जागा होती. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांनाही दार उघडलं आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. एकाच समाजातली, ओळखीपाळखीची माणसं. तिथे निम्मा कारभार ओळखीवरच चालत असेल असं मला वाटतं.

पण आपल्या सोसायट्यांत कोण कुठून आलेला! ओळखीची जागा मग नियमानेच घ्यायची. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यातलं कलम ३२ बघा. उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीच्या सभांचीसुद्धा इतिवृत्तं सभासदाला फुकट बघता येतात. लेखी मागून फी भरली की नक्कलही मिळते. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलं.

पुनर्विकासाची लाट आली तशा तक्रारीही वाढल्या. सभासदांना विश्वासात घेत नाहीत, निविदांमध्ये पारदर्शकता नाही वगैरे. ३ जानेवारी २००९ ला कलम ७९अ खाली सरकारने निर्देश काढले, आणि विकासक निवडायच्या सभेचं चक्क व्हिडिओ शूटिंग करायला सांगितलं. शेजाऱ्यांच्या मीटिंगला कॅमेरा! हसू येतं, पण राहतं घर पणाला लागलेलं असतं तिथे.

"माहितीचा अधिकार टाकू का?" असं बाबांनी विचारलं होतं. २०१३ मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सरकारची भरीव आर्थिक मदत किंवा नियंत्रण नसेल, तर सहकारी संस्था त्या कायद्यात येत नाही. मी म्हटलं, बाबा, सभासद म्हणून साधा अर्ज द्या.

दिला. आठ दिवसांत काकांनी वही समोर ठेवली. तीन कोटेशन्स, त्यातलं सगळ्यात स्वस्त निवडलेलं, खाली सगळ्यांच्या सह्या. एक रुपया इकडचा तिकडे नाही! हाच कागद जूनमध्ये जिन्याखालच्या फळ्यावर लावला असता तर?

बाबा वही मिटून बराच वेळ गप्प बसले. काकाही. मग काका म्हणाले, "पुढच्या वेळी लावतो."

फिरायला अजून दोघं वेगवेगळेच जातात. पण काल फळ्यावर नवा कागद दिसला. टाकी साफ करण्याचा खर्च, पैशांसकट. बाबा चष्मा लावून वाचत होते. असो, सुरुवात तर झाली!