लंडन ट्यूब: टॅप करूनही जास्त पैसे का कापले जातात?

ऑनसाइट असताना एकदा लंडनच्या ट्यूबमध्ये शिरताना मी फोन टॅप केला. उतरेपर्यंत बॅटरी संपली, म्हणून बाहेर पडताना खिशातलं कार्ड लावलं. फोनमध्येही तेच कार्ड होतं. गेट उघडलं, मी खूश! नंतर बघतो तर जास्तीत जास्त भाडं, तेही दोनदा कापलेलं.

मला वाटलं बग आहे. नव्हता. फोनमध्ये कार्ड ॲड केलं की पेमेंटसाठी मूळ नंबर वापरला जात नाही. त्या फोनपुरता वेगळा नंबर, म्हणजे टोकन बनतं. त्यामुळे सिस्टीमला दोन प्रवासी दिसले: एक आत गेला पण बाहेर आलाच नाही, दुसरा आत न शिरताच बाहेर पडला. स्मार्टवॉचचं टोकन तर आणखी तिसरं.

म्हणून ज्याने आत, त्यानेच बाहेर. बॅटरी कमी असेल तर सुरुवातच कार्डाने करा. बसमध्ये फक्त चढताना टॅप करायचं. डीएलआरच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नाहीत, नुसते रीडर उभे असतात. घाईत तिथे हमखास विसरायला होतं.

भारतातलं कार्ड नेताय? बँकेच्या ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ चालू आहे ना, ते निघण्याआधीच बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर दोन्ही बंदच येतात.

आणि पैसे कापले गेलेच, तर ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’च्या साइटवर खातं उघडून कार्ड जोडा, अपूर्ण दिसणारा प्रवास शोधा आणि रिफंड मागा. मला मिळाला.