जयपूरची लोकसंख्या आणि स्थलांतराचे अर्थकारण

खेड्यांतील दारिद्र्यामुळे शहरे फुगतात, हे प्रशासनात वारंवार ऐकू येणारे विधान अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे जयपूरच्या इतिहासातून समजते.

सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसविलेले हे नगर मुळातच बाहेरून आलेल्यांचे होय. व्यापारी, जवाहिरे व कारागीर यांना येथे निमंत्रण देऊन वसविण्यात आले. राजदरबार हाच मोठा ग्राहक असल्याने त्यांना रोजगाराची शाश्वती होती.

पुढे १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ वरून तो ‘छप्पनिया अकाल’ म्हणून ओळखला जातो. गुरे मेली, शेती मोडली. पण म्हणून जयपूर वाढले नाही. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ६० हजार होती, ती १९३१ मध्ये १ लाख ४४ हजारांच्या आसपास आली. रोगराई हे त्याचे एक कारण. दुसरे असे की शहरात नवा रोजगारच नव्हता. त्याच संस्थानातील शेखावाटीचे व्यापारी मात्र कलकत्ता व मुंबई गाठत होते. उंटांच्या तांड्यांवरील जुना व्यापार रेल्वेमुळे बसला होता आणि नवी उलाढाल बंदरांत होती.

१९४९ मध्ये जयपूर राजस्थानची राजधानी झाली. फाळणीतील निर्वासित आले, कचेऱ्या व बांधकामे वाढली. १९५१ मध्ये लोकसंख्या २ लाख ९० हजारांच्या घरात गेली. २०११ मध्ये ती ३० लाखांवर होती.

हॅरिस व टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये याची मीमांसा केली. स्थलांतरित केवळ शहरी मजुरी पाहत नाही. ती मिळण्याची शक्यताही जोखतो. म्हणूनच शहरात बेकारी असूनही लोक येत राहतात. जयपूरच्या ‘चोखटी’वर, म्हणजे मजूर अड्ड्यावर, सकाळी उभा राहणारा माणूस अडाणी नसतो; त्याचा हिशेब पक्का असतो.

यातून निघणारा निष्कर्ष धोरणकर्त्यांना अडचणीचा आहे. केवळ शहरात रोजगार वाढविल्यास येणाऱ्यांची संख्याही वाढते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राबविली, ती गावातच काम देण्यासाठी. मात्र हे काम वेळेवर व पुरेशा मजुरीचे नसेल, तर मजुराचा हिशेब पुन्हा शहराच्याच बाजूने झुकेल, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.