दोन दुष्काळ आणि एक निरोप

पुण्याहून दौंडला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये लहानपणी मी किती वेळा बसले असेन याची गणतीच नाही. दौंड म्हणजे आजोळ. यवत, खुटबाव, केडगाव... सगळी स्टेशनं तोंडपाठ. केडगाव आलं की आजी न चुकता म्हणायची, "इथे रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे हो." मला तेव्हा डब्यात चढणाऱ्या भेळवाल्यात जास्त रस असायचा.

रमाबाई मला खऱ्या अर्थाने भेटल्या त्या २०२१ नंतर. त्या मे महिन्यात आमचा दादा गेला. घरच्यांना सगळं ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांगते, आई अकरा दिवस देवापुढे अखंड दिवा लावून बसली होती आणि बाराव्या दिवशी फोन आला. त्यानंतर मी देवाला हात जोडणं सोडलं. आईने सोडलं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा रागच यायचा. ज्याने ऐकलं नाही त्याच्यापुढे रोज फुलं कसली वाहायची?

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली त्यांची साक्ष वाचनात आली. आजवर मला त्या शाळेच्या पुस्तकातल्या 'समाजसुधारक' एवढ्याच माहीत होत्या. इथे भेटली ती माझाच प्रश्न विचारणारी एक मुलगी.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. लोकांचा विरोध पत्करून त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी ते लेकीला शिकवलं. सगळं कुटुंब पायी तीर्थयात्रा करायचं, देवळात पुराणं वाचायचं, आणि लोक देतील त्यावर जगायचं. मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला.

या कुटुंबाने शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं. उपास, जप, अनुष्ठानं, तीर्थस्नानं. होतं नव्हतं ते देवांच्या कृपेसाठी दान करून टाकलं. दागिने गेले, भांडी गेली. भीक मागायची लाज आणि मजुरी करायची सवय नाही. शेवटी झाडाचा पाला खाऊन दिवस काढले. देव काही बोलला नाही.

थकलेल्या, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी तेव्हा जलसमाधी घ्यायचं ठरवलं. निरोप घेताना त्यांनी धाकट्या लेकीला घट्ट धरलं. तू माझी सगळ्यात लाडकी, तुला मी देवाच्या हाती सोपवलंय, आता तू त्याची, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं ते बोलले. मुलगा श्रीनिवास मात्र म्हणाला की जातीचा अभिमान गेला उडत, मी मजुरी करीन, पण तुम्ही जीव देऊ नका. जलसमाधी टळली. तरी थोड्याच दिवसांत वडील गेले. काही महिन्यांत आई गेली, मग मोठी बहीण. आईला न्यायला चार खांदेकरीही मिळेनात. कसेबसे दोघे मिळाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी, म्हणून तिरडीची आपली बाजू तिने डोक्यावर घेतली होती.

हे वाचून मी पुस्तक मिटवून ठेवलं होतं. दोन दिवस उघडलं नाही.

पुढे भाऊबहीण देशभर हजारो मैल पायी हिंडले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथे पंडितांनी तिचं ज्ञान पाहून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केवढा मान! पण ज्या देवांसाठी आईवडील उपाशी मेले त्यांच्यावरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि ते तिने लपवलं नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. वय वर्षं तेवीस, कडेवर मनोरमा.

त्यानंतरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुणे, इंग्लंड, १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिका, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, पुढच्याच वर्षी ते पुण्यात. १८९३ मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्यावरून गदारोळ झाला. केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद खोटा नव्हता. अन्न आणि धर्म एकाच हाताने मिळाला की घेणाऱ्याची निवड कितपत मोकळी राहते, हा प्रश्न मलाही पडतो. तो बाजूला सारून मी हे लिहीत नाहीये.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दुष्काळाचं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. अमेरिकेतल्या संस्थेने सदनाला दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं, ती मुदत संपत आली होती. हाताशी पैसा बेताचाच. कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं की बाई, आहे ते सांभाळा. त्या उठून मध्य प्रांतात गेल्या. तिथली हाडांचे सापळे झालेली माणसं पाहून त्यांना स्वतःचे दिवस आठवले, आणि त्या मुलींना घेऊन आल्या. थोड्याथोडक्या नाही, शेकड्यांनी. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तेच मुक्ती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास जीव जेवत होते. पैसे येतील का, याची हमी कुणाचीच नव्हती. देव देईल, एवढ्यावर रोजची चूल पेटत होती.

मंडळी, इथेच मी अडखळले. पहिल्या दुष्काळात देवाने ऐकलं नाही, म्हणून जिचा विश्वास गेला, तीच बाई दुसऱ्या दुष्काळात देवाच्या भरवशावर एवढा मोठा संसार मांडते? हे कसं जुळतं?

उत्तर त्यांच्या साक्षीतच सापडलं. वडिलांच्या त्या निरोपाबद्दल त्या लिहितात की त्यांची प्रार्थना ऐकली गेली. वडील त्या देवाला ओळखत नव्हते, पण त्याने ऐकलं आणि लेकीला सांभाळलं. म्हणजे पाला खाऊन काढलेल्या दिवसांकडे मागे वळून बघताना त्यांना तिथे देवाची गैरहजेरी दिसत नाही. तो तेव्हाही होता, असंच त्या म्हणतात. आई तर गेलीच होती, बहीण गेली होती. ते दुःख त्या कुठेही पुसत नाहीत. पण 'मी एवढं केलं, आता तू एवढं दे' हा हिशेब त्यांनी पहिल्या दुष्काळातच टाकून दिला होता. आणि हिशेब नसल्यामुळेच बहुधा पुढचे घाव सोसता आले. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई त्या वेळी बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. लेक गेल्यावरही काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. भाषांतर तोवर हातावेगळं झालं होतं.

मी रमाबाईंच्या धर्माची नाही, आणि त्यांच्याइतका विश्वास माझ्यात येईल असंही वाटत नाही. पण आईचा राग येणं थांबलं. तिला एकदा विचारलं, "तू अजून दिवा का लावतेस गं? त्याने ऐकलं कुठे?" वाती वळता वळता ती म्हणाली, "दादाला त्याच्याच स्वाधीन केलाय ना मी. मग त्याच्याशी बोलणं कसं टाकू?"

अनंतशास्त्रींचं बोलणं आईने कधी वाचलेलं नाही.

असो. परवा दौंडला जाताना केडगावला उतरले होते. मुक्ती मिशन अजून आहे, त्यांचं काम अजून चालू आहे. परतीच्या गाडीत भेळ घेतली. आजीची फार आठवण आली.